भटारखान्यातील हात

उपाहारगृहात जेवणे ही आता चैन राहिली नसून शहरवासीयांच्या नित्य व्यवहारातील गोष्ट झाली आहे. नोकरदार, विद्यार्थी, खरेदीसाठी परगावाहून आलेला व्यापारी, या सर्वांचे अन्न परक्या हातचे असते. दर्शनी भागातील आरसे व दिवे पाहून गिऱ्हाईक आत शिरते. परंतु ज्या भटारखान्यात त्याचे अन्न शिजते, त्याचे दार त्यास सहसा दिसतही नाही. एकाच फडक्याने मेज, ताट व हात पुसले जात आहेत, सकाळचा भात संध्याकाळपर्यंत उघडा पडला आहे, असे दृश्य त्या दारामागे असले तरी त्याची वार्ता बाहेर येत नाही.

अन्नाच्या शुद्धतेविषयी आपला समाज उदासीन होता असे मात्र कोणी म्हणणार नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे कित्येक दिवस गाजला. वाद होता तो चहा कोणाच्या हातचा, याचा. तो हात साबणाने धुतलेला होता काय, याचा नव्हे. रोगजंतूंस जात कळत नाही व गोत्रही कळत नाही. भातातील काही जंतूंची बीजे शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा तापवल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर अथवा ५ अंशांच्या खाली ठेवावे, हेच आजचे खरे सोवळे होय.

मग कायदा काय करतो? कायदा उणा आहे असे आम्हांस वाटत नाही. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आहे. अस्वच्छ रीतीने अन्न तयार करणारास त्याच्या ५६ व्या कलमान्वये एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अन्न हाताळणाऱ्या नोकरांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, आजारी नोकरास अन्नास हात लावू देऊ नये, असेही नियम आहेत. पण नियम पाळावयाचा कोणी? रोजावर काम करणाऱ्या आचाऱ्यास हगवण लागली आणि घरी बसल्यास रोज बुडणार असेल, तर तो आजार लपवील की पोट उपाशी ठेवील?

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची हकीकत येथे विचार करण्याजोगी आहे. ती स्वतः धडधाकट होती, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते. १९०७ साली तिला सक्तीने एकांतात ठेवले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर १९१० साली सोडले. धुलाईच्या कामात मिळकत थोडी. म्हणून नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ साली एका प्रसूतिगृहात २५ जणांस विषमज्वर झाला व दोघे दगावले. नंतर १९३८ साली मरेपर्यंत ती एकांतातच राहिली. सरकारने तिला मनाई केली, पण तितक्याच मिळकतीचा दुसरा धंदा दिला नाही. त्याची किंमत तिऱ्हाइतांनी भरली.

तेव्हा उपाहारगृहाच्या मालकांस आमचे सांगणे एवढेच की, आजारी नोकरास पगारी रजा देणे हा दानधर्म नव्हे. तो धंद्याचा विमा होय. हात धुण्यास वाहते पाणी व साबण हा खर्च तर दिव्यांच्या झगमगाटापुढे काहीच नाही. आणि गिऱ्हाइकांनीही निव्वळ कुरकुर करून भागणार नाही. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास तसे सांगून व शुल्क भरून अन्नाचे पृथक्करण करवून घेण्याचा हक्क ४० व्या कलमाने प्रत्येक ग्राहकास दिला आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे जेवणापूर्वी भटारखाना पाहू मागणे. ज्याचा कारभार स्वच्छ आहे तो दार आनंदाने उघडील. जो उघडणार नाही, त्याच्या ताटावरून उठण्याइतका स्वाभिमान आपल्या अंगी आला पाहिजे. कोणाच्या हातचे, हे विचारण्यात आपण पिढ्या घालविल्या. आता कशा हातचे, हे विचारू या.