काचेच्या छताखालचा बोरघाट

मुंबई-पुणे डेक्कन एक्स्प्रेसला २६ जून २०२१ रोजी व्हिस्टाडोम डबा जोडला गेला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला डेक्कन क्वीनलाही. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने बांधलेल्या या डब्यात ४४ आसनं, रुंद खिडक्या आणि काचेचं छत आहे. खुर्ची फिरवून दरीकडे तोंड करता येतं. डेक्कन क्वीनला १९३० पासून थाटाची सवय आहेच. तिच्या डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून टोस्ट-कटलेट खाता येतं.

डबा नवा असला, तरी खरा खेळ जुन्या घाटाचा. कर्जत ते लोणावळा अवघे २८ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी जवळजवळ साडेपाचशे मीटर चढते. काही ठिकाणी दर ३७ फुटांना एक फूट चढ. म्हणून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. जोडणीचा हलका धक्का बसतो, तोवर फलाटावर गरम वडे हातोहात खपतात. उतरताना प्रश्न उलटा: वेग आवरायचा. त्यासाठी ठाकूरवाडी, मंकी हिल इथे गाडी थांबवून ब्रेक तपासतात. प्रवाशाला हा थांबा म्हणजे उल्हास नदीचं खोरं निवांत पाहण्याची संधी.

हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले. पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेलं. कातळ फोडणाऱ्या हजारो मजुरांपैकी कितीतरी जण पटकीने आणि अपघातांत गेले. एकामागून एक बोगदे येतात आणि काचेचं छत क्षणात काळं होतं, तेव्हा या कष्टांचा अंदाज येतो.

छत्तीसगडमधल्या उतईहून येणाऱ्यांना रुळांचं अप्रूप नसावं. भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा सर्वात मोठा कारखाना शेजारी भिलाईतच आहे. पण ते रूळ घाटात काय सोसतात, हे पाहायला इकडे यावं लागेल. दुर्गहून आझाद हिंद एक्स्प्रेस पुण्यात आणते, मात्र दौंडमार्गे, त्यामुळे बोरघाट लागत नाही. तेव्हा पुण्यात मुक्काम करा आणि सकाळची डेक्कन क्वीन पकडा. संध्याकाळी मुंबईहून निघणाऱ्या क्वीनला घाटात बऱ्याचदा अंधार गाठतो. पावसाळ्यात जाणार असाल, तर व्हिस्टाडोमचं आरक्षण आधीच करून ठेवा.