साल्ट लेकचा डोंगर आणि खानदेशातली दप्तरं

समजा, १९१० साली भुसावळच्या रेल्वे वसाहतीत एका इंजिन ड्रायव्हरच्या घरी मुलगा झाला आणि चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. आज त्याचा पणतू घरबसल्या मोबाइलवर त्या नोंदीपर्यंत पोचू शकतो. त्याच दिवशी तापीकाठच्या गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलाच्या पणतूला मात्र तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूमच गाठावी लागते. पूर्वजांच्या शोधाला निघालेल्या खानदेशी माणसाने हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

अमेरिकेतल्या यूटा राज्यात साल्ट लेक सिटी हे मॉर्मन पंथाचं मुख्य ठिकाण. १८३० साली स्थापन झालेल्या या पंथाची श्रद्धा अशी की कुटुंबाचं नातं मृत्यूनंतरही टिकतं आणि दिवंगत पूर्वजांच्या वतीने हयात वंशजाला बाप्तिस्मा घेता येतो. त्यासाठी पूर्वजांची नावं खात्रीने माहीत हवीत. म्हणून १८९४ मध्ये त्यांनी वंशावळ संस्था काढली आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदींचं मायक्रोफिल्मिंग सुरू केलं. सुमारे २४ लाख रिळं साल्ट लेकजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवली आहेत. २०२१ मध्ये त्यांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून कुठल्याही धर्माच्या माणसाला शोध घेता येतो. काही प्रतिमा मात्र संस्थेच्या केंद्रातच बघायला मिळतात.

आता भुसावळची नोंद तिथे गेली कशी? १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे भुसावळला आली आणि तिच्यासोबत युरोपियन व अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, फिटरही आले. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांचे उतारे मुंबईमार्गे लंडनला जात. तीच दप्तरं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि यूटाच्या संस्थेने त्यांचीच फिल्म काढली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, जन्मतारीख, बापाचा हुद्दा, राहण्याचं ठिकाण असतं आणि आईचंही नाव असतं. आपल्याकडच्या वंशावळींमध्ये नेमकं तेच सापडत नाही.

शोधताना नावांचं स्पेलिंग सैल ठेवावं लागतं. जुन्या इंग्रजी कागदांत धुळ्याचं ‘धुलिया’ होतं आणि कंपनीच्या काळात खानदेशाचं ‘कँडीश’. शिवाय १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले. पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला. म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या गावाची १९०६ आधीची नोंद नुसतं ‘जळगाव’ टाकून शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

बाकीच्यांसाठी या संग्रहात काय आहे? हिंदू तीर्थयात्रेच्या वह्यांचा एक मोठा संग्रह आहे. त्याच्या नावातच ११९४ ते २०१५ असा काळ दिला आहे आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या त्यात आहेत. या वह्या नावानिशी शोधता येत नाहीत, पान उलटत बसावं लागतं. पणजोबा हरिद्वारला गेले असतील तरच उपयोग. खानदेशी माणूस अस्थी घेऊन जास्त करून नाशिक-त्र्यंबकला जातो, आणि तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाचं नाव सांगितलं की तीन-चार पिढ्यांची नावं आणि यात्रेकरूची सही बघायला मिळते. लेवा पाटीदार, गुजर, राजपूत या समाजांत भाटांच्या पोथ्या आहेत. भाट येतो तेव्हा घरात नव्याने जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो आणि जुनी वाचून दाखवतो. त्यात मुलींची नावं क्वचितच असतात.

आडनावावर भिस्त ठेवू नका. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन ही मुळात पदं आणि मान. जुन्या गावदप्तरात ‘रामा बिन गोविंदा’ एवढंच असतं, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. त्यापुढे जात आणि गाव. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत जन्मलेल्याचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहून बापाचं नाव दिलेलं असतं. अशा वेळी ती नोंद कुणाची, हे शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या तारखेशी आणि जमिनीच्या फेरफाराशी ताडून बघावं लागतं. वारसाचा फेरफार तर हातात वंशावळच ठेवतो: मयत कोण, विधवा कोण, मुलगे किती.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तोवर ही दप्तरं उघडायला फारसं कुणी जात नव्हतं, याचं मला वाईट वाटतं. वंशावळ म्हणजे फक्त जात पडताळणीचा कागद नव्हे. पण पडताळणी समितीपुढे फॅमिलीसर्चवरचं झाड पुरावा म्हणून चालणार नाही, हेही नीट लक्षात ठेवा. तिथे तहसील किंवा शाळेची प्रमाणित नक्कलच लागते. शिवाय ते झाड साऱ्या जगाचं एकच असतं, त्यात कुणीही दुरुस्ती करू शकतं.

आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. फॅमिलीसर्चवर भरलेल्या दिवंगतांच्या नावांवर मॉर्मन विधी होऊ शकतो. फक्त स्वतःच्या पूर्वजांचीच नावं द्यावीत असा पंथाचा नियम आहे, पण तो मोडला गेला आहे. नाझी छळात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावे असे विधी झाल्यावर मोठा वाद झाला आणि १९९५ मध्ये पंथाला त्याबद्दल करार करावा लागला. तुम्हाला हे पटत नसेल तर तिथे नुसतं शोधावं, भरू नये.

मॉर्मनांची शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे: स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक नावासमोर ते कुठून मिळालं हे लिहायचं. त्यासाठी साल्ट लेकची गरज नाही. तहसीलमध्ये नकलेचा अर्ज द्या, मोडी पानांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, भाट आला की त्याला घाई करू नका. आणि त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या आईचं, आजीचं माहेर आणि माहेरचं नाव विचारा. ते कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.