३ जून १८१३ : एका खडकाचे रेखाटन
(कागदावरचा निसर्ग : लेखांक ४)

१८१३ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या फौजा ड्रेस्डेनमध्ये पुन्हा शिरल्या. चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या युद्धाच्या धामधुमीपासून दूर, एल्बे नदीकाठच्या क्रिपेन गावी जाऊन राहिला होता. त्याचा चित्रकार मित्र केर्स्टिंग फ्रेंचांविरुद्ध लढायला स्वयंसेवक दलात दाखल झाला. त्याच्या युद्धसाहित्यासाठी फ्रीडरिशने मदत केली. ३ जूनला, म्हणजे याच युद्धातल्या प्लेस्विट्झच्या युद्धविरामावर सह्या होण्याच्या आदल्या दिवशी, फ्रीडरिश कैझरक्रोन या वालुकाश्माच्या टेकडीवर एक खडक रेखाटत होता. कागदावर त्याने तारीखही घातली.

हा खडक बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण रंगांत. हाम्बुर्गच्या कुन्स्टहालेमधील ‘धुक्याच्या सागरावरील भटक्या’ या सुमारे १८१८ च्या तैलचित्रात पाठमोरा माणूस उभा आहे तो याच खडकावर. पाच वर्षांनी, आपल्या चित्रशाळेत बसून, फ्रीडरिशने तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला. धुके आणि तो माणूस मात्र नंतर आले.

म्हणूनच अशा रेखाटनाकडे चित्राचा कच्चा खर्डा म्हणून पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. नजर आधी कडांवर न्यावी. बाह्यरेषा कुठे ठळक होते आणि कुठे विरळ होत नाहीशी होते, हे पाहावे. उन्हाकडची कड फ्रीडरिश पुष्कळदा नुसती सुचवून सोडतो. मग भेगांकडे वळावे. लहान, समांतर, तिरप्या रेघांनी तो सावली भरतो आणि रेघांची दिशा बदलली की दगडाचा पृष्ठभागही वळतो. बोटाने शिसे पसरून छटा आणण्याची सोपी वाट तो सहसा घेत नाही. उरलेला कागद कोरा असतो. कित्येक पानांवर त्याने क्षितिजाची पातळीही नोंदवली आहे, कारण आपली नजर नेमकी किती उंचीवर होती हे चित्र रंगवताना लागणार होते.

एवढी बारीक रेघ साधली त्यात पेन्सिलचाही वाटा होता. शुद्ध, अखंड ग्रॅफाइट इंग्लंडमधील बॉरोडेलच्या खाणीतून येई. इंग्लंडशी चाललेल्या युद्धामुळे फ्रान्सला तो मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजण्याची रीत काढली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. माती जास्त घातली की शिसे कठीण आणि रेघ फिकी. कमी घातली की मऊ आणि काळी. छटेवर ताबा मिळाला. शिवाय खडूसारखी ही रेघ सहज फिसकटत नाही, त्यामुळे वही घेऊन डोंगर चढणाऱ्या चित्रकाराची मोठी सोय झाली.

रोमँटिक कला म्हणजे भावनेचा पूर, ही समजूत या कागदांपुढे टिकत नाही. दगडाची प्रत्येक भेग तपासून घेणारी ही नजर कमालीची शांत आहे. ‘भटक्या’समोर उभे राहिल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो पायाखालचा दगड खरा वाटतो म्हणून. धुके कितीही कल्पनेतले असले तरी तोल सांभाळायला जागा हवी, आणि ती त्या जूनमधल्या पेन्सिलीने आधीच मोजून ठेवली होती.

त्याच १८१३ च्या उन्हाळ्यात, तिकडे इंग्लंडच्या सफोक परगण्यात, जॉन कॉन्स्टेबल खिशात मावणाऱ्या वहीत झाडे, नांगर आणि नदीकाठ टिपत होता. ती वही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढच्या आठवड्यात तिची पाने.