चंद्र पाहिजे की सूर्य?

कराडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत, कृष्णाकाठी जिथे म्हणून पोरं खेळायला जमतात, तिथे खेळाआधी एक अजब कारभार चालतो. आधी गडी वाटायचे. दोन कप्तान बाजूला उभे. बाकीची पोरं आपापली जोड बघतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जातात, कानात कुजबुजतात आणि परत येऊन विचारतात, "चंद्र पाहिजे की सूर्य?" कप्तान म्हणतो, "सूर्य!" सूर्य झालेला त्याच्याकडे, चंद्र समोरच्याकडे. दहा मिनिटांत दोन तोडीस तोड संघ तयार!

हे तुम्हीही केलं असेल. पण यात पंच कुठेच नाही, हे कधी लक्षात आलं होतं?

आता मोठ्यांचा खेळ बघू. १९६२ साली ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मंडळी जमवून बसले आणि त्यांनी एका नव्या खेळाचे नियम लिहून काढले. खेळाडू खरे, त्यांचे सामने खरे. संघ मात्र आपल्या वहीतला. मैदानावर तो पळणार, गुण आपल्या खात्यात. पुढच्याच वर्षी आठ संघांची लीग सुरू झाली. हाच फँटसी फुटबॉलचा जन्म.

तिथेही पहिला प्रश्न गडी वाटण्याचाच. पहिला नंबर ज्याचा, तो सगळ्यात भारी खेळाडू उचलणार. मग शेवटच्याने काय करायचं? त्याला उत्तर नागमोडी पाळीचं. पहिल्या फेरीत एक ते दहा, दुसरीत दहा ते एक. औत बांधाला पोचलं की बैल वळवून तिथूनच परत यायचं, तसं. दुसरा उपाय लिलाव. प्रत्येकाला सारखे पैसे द्यायचे आणि बोली लावू द्यायची. महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झाला, तेव्हा पाचही संघांच्या थैलीत १२-१२ कोटीच होते. पहिलंच नाव पुकारलं गेलं आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचं. बेंगळुरूने तिच्यासाठी ३ कोटी ४० लाख मोजले, म्हणजे थैलीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त एकाच खेळाडूवर! उरलेला सगळा संघ बाकीच्या पैशांत बसवायचा. महागडा गडी घेतलात, तर काटकसरही तुम्हीच करायची.

इथपर्यंत सगळं गोड. भांडण पेटतं ते पुढे, अदलाबदलीच्या वेळी.

समजा, कबड्डीची अशी दहा जणांची लीग आहे. माझ्या वहीत चढाई करणारे ढीगभर, पकडीला कोणी नाही. तुमचं नेमकं उलट. आपण एकेक गडी बदलला, तर माझी नड भागते, तुमचीही भागते. कोणाचंही नुकसान न होता दोघांचा फायदा! जादूच की नाही? पण बऱ्याच लीगमध्ये उरलेल्यांना मत असतं आणि पुरेशी मतं विरोधात पडली की सौदा रद्द. हा नकाराधिकार कशासाठी? तर हरलेल्या माणसाने हंगामाच्या शेवटी आपला हिरा दोस्ताला चिंचोक्याच्या भावात देऊ नये म्हणून. भीती खरी आहे. पण मत देणारे उरलेले आठ जण कोण? आपले प्रतिस्पर्धी! आपण दोघे बळकट झालो की ते आठ जण मागे पडणार. म्हणजे सौदा दोघांच्या जितका फायद्याचा, तितकी ओरड मोठी. मोजायला निघालो न्याय आणि काट्यावर चढली असूया.

खऱ्या लीगही यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये न्यू ऑर्लिन्सचा ख्रिस पॉल लेकर्सकडे निघाला होता. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी सौदा मोडला. गंमत म्हणजे तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या संघाची मालकी खुद्द लीगकडेच होती. न्यायाधीश तोच आणि मालकही तोच! थोड्याच दिवसांत पॉल गेला तो लेकर्सच्याच शहरातल्या क्लिपर्सकडे.

आता मघाशी मुद्दाम गाळलेली गोष्ट सांगतो. नदीकाठच्या त्या पोरांकडेही नकाराधिकार असतो. एखादा दांडगा गडी काटकुळ्या पोराला जोड म्हणून घेऊन आला, तर कप्तान लगेच गरजतो, "ए, ही जोड न्हाई चालायची!" फरक फक्त वेळेचा. फँटसीवाले नकार देतात तो कोणाचा फायदा होणार हे कळल्यावर. कप्तान देतो तो त्याआधी. दांडगा चंद्र आहे की सूर्य, हे त्यालाही ठाऊक नसतं. गप्प बसला, तर काटकुळा त्याच्याच गळ्यात पडू शकतो. मग त्याची हरकत खोटी असेल कशी? अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये जाडजूड ग्रंथात हेच मांडलं: आपल्या वाट्याला काय येणार हे माहीत नसताना नियम ठरवा, ते न्याय्य होतील. आपली पोरं हे चड्डीची नाडी बांधता बांधता करतात!

लबाडी इथेही चालते म्हणा. कुजबुजून परतताना कप्तानाचा दोस्त हळूच कान खाजवतो आणि सूर्य कोण ते कप्तानाला कळतं. एकदा पकडला गेला की त्याची जोड दुसरेच कोणी पाडून देतात.

आणि पोरं विषम निघाली तर? सगळ्यात लहान असतो तो कच्चं लिंबू. तो दोन्हीकडून खेळतो, बाद झाला तरी धरत नाहीत. दर डावाला तो या संघातून त्या संघात जातो आणि त्याच्या अदलाबदलीवर आजवर कोणीही हरकत घेतलेली नाही.