पेल्यातले औषध : उकळलेले आणि आंबवलेले

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेले गाव. जुनी घरे आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली उंच गृहसंकुले येथे शेजारी शेजारी नांदतात. मुळशी हा भात आणि नाचणीचा मुलूख. त्यामुळे जुन्या घरांमध्ये पेज, नाचणीची आंबील आणि ताक ही रोजची पेये. नव्या संकुलांत देशभरातून आलेली कुटुंबे राहतात आणि प्रत्येकाने आपापला काढा बरोबर आणलेला असतो. अशा गावातल्या शाळेत 'आजारी पडल्यावर घरी तुम्हाला काय प्यायला देतात?' असे विचारले, तर फळा भरून जाईल इतकी नावे सहज मिळतील : गवती चहा, सुंठेचा काढा, गुळवेल, ताक, आंबील, बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट, आणि अलीकडे बाटलीतून मिळणारा कोंबुचासुद्धा.

या सगळ्यांना आपण एकाच नावाने ओळखतो : घरगुती औषध. त्यापुढे बहुधा दोनच भूमिका घेतल्या जातात. 'नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?' ही एक, आणि 'सगळ्या जुन्या समजुती आहेत' ही दुसरी. दोन्ही भूमिकांमध्ये एक साधा प्रश्न राहून जातो : भांड्यात नेमके काय घडले आणि पेल्यात काय उतरले? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न आधी सुचतो. तो विचारला की लक्षात येते, की या यादीत तीन अगदी वेगळ्या प्रक्रिया दडलेल्या आहेत.

पहिले भांडे : काढा

काढा म्हणजे गरम पाण्याने केलेले निष्कर्षण. वनस्पतीत शेकडो पदार्थ असतात. त्यांतले काही पाण्यात विरघळतात, काही विरघळत नाहीत, काही उष्णतेने उडून जातात आणि काही बदलतात. गवती चहाचा वास मुख्यतः सिट्रल या पदार्थामुळे येतो. तो बाष्पनशील आहे. झाकण न ठेवता पंधरा मिनिटे उकळले तर स्वयंपाकघर सुगंधित होते, पण पेल्यात थोडेच उरते. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलमुळे असतो. आले वाळवून सुंठ केली की त्याच्या काही भागाचे शोगाओल बनते. म्हणजे आल्याचा काढा आणि सुंठेचा काढा हे रासायनिकदृष्ट्या एकच पेय नव्हे.

कृतीला किती महत्त्व असते याचे जगप्रसिद्ध उदाहरण चीनमधले आहे. हिवतापावर औषध शोधणाऱ्या तू यूयू यांना आर्टेमिसिया या वनस्पतीच्या अर्काचे परिणाम एकसारखे मिळत नव्हते. गं हूंग या चौथ्या शतकातल्या वैद्याच्या ग्रंथात ही वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असा तर्क त्यांनी केला आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. त्यातून पुढे आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये नोबेल पुरस्कारही. मात्र याच वनस्पतीचा चहा हिवतापावर पिण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. कारण पेल्यागणिक औषधाची मात्रा बदलते, आणि अपुऱ्या मात्रेमुळे औषधाला दाद न देणारे परजीवी तयार होण्याचा धोका असतो.

मग सर्दीत काढा प्यायल्यावर बरे वाटते ते खोटे का? मुळीच नाही. ब्रिटनमधील कार्डिफ येथे ३० सर्दीग्रस्त स्वयंसेवकांवर केलेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गरम फळपेय प्यायल्यावर खोकला, शिंका, घशाची खवखव यांत लगेच आराम वाटला. तेच पेय खोलीच्या तापमानाचे दिले तेव्हा इतका फरक पडला नाही. नाकातून जाणारा हवेचा प्रवाह मोजला, तर तो मात्र गरम पेयानेही वाढलेला नव्हता. म्हणजे आराम खरा, पण तो लक्षणांना मिळालेला आराम आहे. सर्दीचे विषाणू त्याने मरत नाहीत. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपणच बरी होते.

येथपर्यंत काढ्यात बिघडण्यासारखे काही नाही. प्रश्न येतो तो प्रमाणाचा आणि काळाचा. २०२० मध्ये कोविडच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घेण्याची सूचना केली. अनेक घरांत त्यात गुळवेल, ज्येष्ठमध अशी भर पडली आणि काढा महिनोन्‌महिने चालू राहिला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. 'ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असावी', असा आक्षेप मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त होता, कारण वनस्पतीची ओळख ही पहिली पायरी आहे. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ रुग्णालयांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांकडच्या काही नमुन्यांची तपासणी करण्यात आली आणि ती खरी गुळवेल असल्याचे दिसले. बऱ्याच रुग्णांना आधीपासूनच स्वप्रतिकारशक्तीशी निगडित किंवा यकृताचे विकार होते. गुळवेल घेणाऱ्यांच्या मानाने असे रुग्ण थोडेच. पण आपण त्या थोड्यांपैकी आहोत की नाही, हे पेला हातात घेताना कळत नाही.

ज्येष्ठमधाचेही तसेच. त्यातले ग्लिसरायझिन शरीरातल्या एका विकराला अडवते. हे विकर एरवी मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करत असते. ते अडले की शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम बाहेर जाते आणि रक्तदाब चढतो. खोकल्यासाठी चार दिवस तुकडा चघळणे वेगळे आणि रक्तदाबाच्या रुग्णाने रोज काढा घेणे वेगळे.

दुसरे भांडे : ताक आणि आंबील

येथे काम विस्तवाचे नसून जिवाणूंचे आहे. दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू दुधातली लॅक्टोज साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात. हे आंबणे सजीवांमुळे होते, हे लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये मांडले. दुधाचा सामू साधारण ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन एकत्र येते आणि दही लागते. इतक्या आंबट माध्यमात अनेक रोगकारक जिवाणूंची वाढ मंदावते. म्हणजे आंबवणे ही मुळात अन्न टिकवण्याची युक्ती आहे. शिवाय काही लॅक्टोज वापरले गेल्यामुळे, दूध न पचणाऱ्या अनेकांना दही-ताक चालते.

आंबिलीत नाचणीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर ठेवतात आणि सकाळी मीठ घालून पातळ शिजवतात. नाचणीत कॅल्शियम आणि लोह आहे, पण फायटेट नावाचा पदार्थ त्यांना धरून ठेवतो. पीठ आंबताना फायटेझ हे विकर फायटेटचे विघटन करते आणि ही खनिजे शरीराला अधिक सहज मिळतात. आंबील शिजवताना जिवाणू मरतात, तरी हा फायदा टिकतो. ती थंड झाल्यावर वरून ताक घातले, तर जिवंत जिवाणूही मिळतात.

तिसरे भांडे : आसव आणि अरिष्ट

आयुर्वेदात आंबवलेल्या औषधांचे दोन प्रकार आहेत. वनस्पती न उकळता आंबवली की आसव, आणि आधी काढा करून मग तो आंबवला की अरिष्ट. दोन्हींत गूळ, साखर किंवा मध घालतात आणि धायटीची फुले टाकतात. या फुलांबरोबर नैसर्गिक किण्व, म्हणजे यीस्ट, येते. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. तयार झालेले अल्कोहोल दोन कामे करते. पाण्यात न विरघळणारे काही पदार्थ ते वनस्पतीतून ओढून घेते आणि औषध नासू देत नाही. शीतपेटी नसलेल्या काळात ही मोठीच सोय होती.

पण अल्कोहोल ते अल्कोहोलच. बाटलीवर 'स्वजनित अल्कोहोल' असे छापलेले असते आणि त्याचे प्रमाण बहुधा ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. ८ टक्क्यांचे अरिष्ट २० मिलिलिटर दिवसातून दोनदा घेतले, तर पोटात ३.२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम अल्कोहोल जाते. निरोगी प्रौढाला ते फार नाही. परंतु गरोदर स्त्री, लहान मूल, यकृताचा रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. बाळंतिणीनेही हे विचारायला हवे, कारण अल्कोहोल दुधात उतरते.

कोंबुचात हीच प्रक्रिया आणखी एक पाऊल पुढे जाते. गोड चहात यीस्टने बनवलेले अल्कोहोल दुसरे जिवाणू ॲसेटिक आम्लात बदलतात. त्याच्या औषधी गुणांच्या दाव्यांना माणसांवरील चाचण्यांचा आधार मात्र फारच तोकडा आहे.

जुलाब झालेले मूल

या तीन भांड्यांतला फरक केवळ पुस्तकी नाही, हे जुलाबाच्या उदाहरणावरून दिसते. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. पटकीतसुद्धा हा मार्ग शाबूत राहतो. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हीच आपली जलसंजीवनी.

आता आपली पेये या कसोटीवर लावून पाहू. भाताच्या पातळ पेजेत पिष्ट आहे. आतड्यात त्याचे हळूहळू ग्लुकोज होते. मीठ घातले की वाहकाला हवी असलेली जोडी जमते. मीठ घातलेल्या ताकाचे आणि पातळ आंबिलीचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात जुलाबावरच्या घरगुती पेयांत मीठ घातलेली तांदळाची पेज आणि मीठ घातलेले दह्याचे पेय यांचा समावेश आहे. लिटरभर पेयाला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे छोटा अर्धा चमचा मीठ पुरते. जास्त मीठ घातक ठरते. त्याच मार्गदर्शनात टाळायच्या पेयांची यादीही आहे : साखर जास्त असलेली शीतपेये, गोड चहा, कॉफी आणि काही औषधी काढे. अति साखरेमुळे पाणी उलट आतड्यात ओढले जाते. काही काढे लघवी किंवा जुलाब वाढवतात.

म्हणजे 'घरगुती औषध' म्हणून एकाच फळीवर ठेवलेल्या दोन पेयांपैकी एक या मुलाला तारू शकते आणि दुसरे त्याची अवस्था बिघडवू शकते. अर्थात पेजही जलसंजीवनीची जागा घेत नाही. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर दवाखाना गाठायलाच हवा. सहा महिन्यांखालच्या बाळाला पेज-ताक देऊ नये. अंगावरचे दूध चालू ठेवून डॉक्टरांना दाखवावे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, कारण त्यात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात.

वर्गात करून पाहा

१. दोन सारख्या भांड्यांत सारखेच पाणी आणि गवती चहाची सारखीच पाती घ्या. एक झाकून आणि एक उघडे ठेवून दहा मिनिटे उकळा. गार झाल्यावर डोळे मिटून वास घ्यायला सांगा. कोणते भांडे कोणते, हे किती मुलांनी बरोबर ओळखले ते मोजा.

२. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून दर्शक तयार करा. तो लिंबाच्या रसात, सोड्याच्या पाण्यात, ताज्या ताकाच्या वरच्या निवळीत आणि दोन दिवसांच्या आंबट ताकाच्या निवळीत घाला. रंगांची तुलना करा.

३. बाटलीत कोमट गुळाचे पाणी आणि चमचाभर यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधा. शेजारी बिनगुळाची बाटलीही तशीच ठेवा. फुगा कोणत्या बाटलीवर आणि किती वेळात फुगतो, याची नोंद ठेवा. बूच घट्ट बसवू नका, बाटली फुटू शकते. हे पाणी कोणी प्यायचे नाही.

यानंतर मुलांना घरच्या एका पेयाची माहिती आजी-आजोबांकडून लिहून आणायला सांगता येईल. त्या माहितीपुढे चार रकाने आखावेत : पेय कोणत्या तक्रारीवर देतात? भांड्यात कोणती प्रक्रिया होते? किती आणि किती दिवस देतात? कोणाला देत नाहीत? आमचा अंदाज आहे, की चौथा रकाना पुष्कळदा कोरा येईल. तो भरण्यासाठी मुलांना गावातल्या डॉक्टर आणि वैद्यांकडे पाठवावे.