गोठ्याची जागा आणि छोटा ट्रॅक्टर

आपल्या नागपूर जिल्ह्यात ज्यांच्या घरी गाय, म्हैस किंवा बकऱ्या आहेत, त्यांना गोठ्याचे महत्त्व सांगायला नको. पण गोठा म्हटला की आपण पत्रे किती अन् खांब किती एवढेच मोजतो. खालची जमीन कशी आहे, हे कोणी विचारत नाही. मग दोन पावसाळे गेले की जमिनीला भेगा पडतात, खांब तिरपे होतात आणि गाय डबक्यात उभी राहते. खूर सतत ओले राहिले की सडतात, आणि लंगडणारी गाय दूधही कमी देते. म्हणून आज आपण वरचे छप्पर सोडून खालची जमीन पाहू. हल्ली हे काम पुष्कळ लोक छोट्या ट्रॅक्टरने करतात. तेही कसे ते पाहू.

आपली काळी माती कापसाची आणि संत्र्याची आई आहे, पण भिंतीची मात्र वैरीण आहे. काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, फार मोठ्या काळात झिजून ही माती झाली. तिच्यातले बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. काटोल-कळमेश्वरकडच्या वावरात मे महिन्यात पडलेल्या भेगांत हात घालून पाहा, म्हणजे समजेल. ज्या जोराने जमीन फाटते, त्याच जोराने ती पावसाळ्यात वरची फरशी उचलते. याची परीक्षा घरी करता येते. काचेचे दोन सारखे पेले घ्या. एकात काळ्या मातीचे चाळलेले कोरडे पीठ दोन बोटे भरा, दुसऱ्यात मुरमाचे तेवढेच. बाहेरून खूण करा, पाणी ओता, ढवळा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवू नका. काळी माती खुणेच्या वर चढलेली दिसेल, मुरूम जवळजवळ तेथेच राहील. गोठ्याखाली मुरूम का घालतात, त्याचे कारण या पेल्यात आहे बरं का!

आता ट्रॅक्टर. छोटा ट्रॅक्टर म्हणजे साधारण २० अश्वशक्तीच्या आतला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना काढली. तिच्यात ९ ते १८ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर ठरवले होते. असा ट्रॅक्टर संत्र्याच्या ओळींतून आणि घरामागच्या बोळातूनही जातो. मोठा ट्रॅक्टर तेथे वळतसुद्धा नाही.

पण येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ट्रॅक्टर मुळात शेतासाठी आहे. शेताला माती भुसभुशीत लागते, आणि गोठ्याला लागते घट्ट. अगदी उलट! काही लोक जागा छान दिसावी म्हणून तिच्यावर रोटाव्हेटर फिरवतात आणि वरून लगेच फरशी टाकतात. दिसायला जागा सपाट होते, पण खाली गादी तयार होते. म्हणून ट्रॅक्टरने माती मोकळी करावी, ओढावी, वाहावी. दाबण्याचे काम एकट्या ट्रॅक्टरवर सोडू नये. तो हलका असतो, आणि चाक जेथून गेले तेवढाच पट्टा दबतो. आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात, "माती आपण दाबली नाही तं पुढं ती गोठ्याखाली दबते."

जागा उंचवट्याची निवडावी, विहिरीपासून दूर. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर आपल्याकडचे ऊन आत कमी येते. मोठ्या निंबाला अगदी चिकटून गोठा बांधू नये. झाड एका बाजूची ओल ओढते, मग जमीन एकीकडे आकसते आणि एकीकडे नाही.

२०२१ सालच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत सहा गुरांच्या गोठ्याचे माप ७.७ मीटर लांब व ३.५ मीटर रुंद असे दिले होते. तेच माप धरू. (रोजगार हमीतून गोठा घेणार असाल तर ट्रॅक्टर लावण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावे. मजुरांची जागा घेणारी यंत्रे रोजगार हमीच्या कामावर चालत नसत.) चार खुंट्या ठोकून दोरी बांधा. कोपरा काटकोनात आहे का, ते ३-४-५ ने पाहा : एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ८ मीटर ४६ सेंटिमीटरच्या आसपास आले तर जागा चौकोनी आहे. ७.७ आणि ३.५ चे वर्ग करून सातवीच्या मुलांनी हे उत्तर पडताळून पाहावे.

खोदण्याला होळीच्या सुमारास लागावे, म्हणजे मृगाच्या आत भराव होतो. पावसात काळी माती चाकाला चिकटते आणि मे महिन्यात दगड होते. चारही बाजूंना अर्धा मीटर जास्त जागा धरून कल्टिव्हेटरने माती उकरावी, मागच्या पाट्याने ओढावी, कोपरे टिकास-फावड्याने काढावेत. दीड फूट तरी काळी माती काढावी. ती वावरात टाकली तर वाया जात नाही. खाली आणखी काळी माती उरतेच, सगळी काही निघत नाही. म्हणून खांबांचे खड्डे मात्र भरावाच्याही खाली खोल न्यावेत.

या खड्ड्यात सुमारे ६ ब्रास दाबलेला मुरूम बसतो. सुटा मुरूम दाबला की कमी होतो, म्हणून ८ ब्रास सांगावा. मुरूम गौण खनिजात येतो, म्हणून परवानगीची चौकशी तहसीलला आधी करावी. सगळ्या ट्रॉल्या एकदम ओतून वरून पाटा फिरवू नये. एका वेळी वीतभरापेक्षाही कमी, सहा इंचांचाच थर पसरावा. पाणी शिंपडावे आणि धुम्मसाने ठोकावे. मग दुसरा थर. भरलेली ट्रॉली थरावरून पुन्हा पुन्हा नेली तर मदत होते, पण प्रत्येक वेळी चाकाचा माग बदलावा. कडा आणि कोपरे तर हातानेच ठोकायचे.

पाणी किती? मूठभर मुरूम दाबून पाहा. गोळा झाला, आणि खाली टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले, तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडा आहे, हाताला लोंदा चिकटला तर पाणी जास्त झाले. १९३३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरांनी हेच मोजमाप करून दाखवले : प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते, तेव्हाच ती सर्वांत घट्ट बसते. धरणांच्या भिंतीसुद्धा त्याच हिशेबाने दाबतात.

वरचा थर सपाट करायचा नाही, नालीकडे उतार द्यायचा. ३.५ मीटर रुंदीला ७ सेंटिमीटर पुरे. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल पाहता येते. पत्र्याचे पाणीही चर काढून दूर न्यावे, नाहीतर एकाच बाजूची काळी माती फुगते.

काम चालू असताना आपल्याला जवळ जाऊन पाहावेसे वाटते. पण चाकावरच्या पत्र्यावर कोणी बसू नये, आणि ट्रॅक्टर मागे येताना खड्ड्यात उतरू नये. मागचा फिरता दांडा ओढणी नाही तर धोतर क्षणात ओढतो. ड्रायव्हरला मागे लहान मूल दिसत नाही. हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

भराव झाला की मधूनमधून सब्बल मारून पाहावी. सहज आत गेली तर तेवढा थर उकरून, पाणी मारून पुन्हा ठोकावा. ठण्ण आवाज करून ती परत आली, म्हणजे मिस्त्रींना खांबांसाठी बोलवायला हरकत नाही.