हॉर्नचा बादशहा: बॅरी टकवेल

तुतारी आपल्या ओळखीची. तिचाच गुंडाळी केलेला युरोपी भाऊबंद म्हणजे हॉर्न! उलगडला तर सुमारे १२ फूट नळी. वरचे सूर इतके जवळजवळ, की ओठ जरा ढिले पडले तरी भलताच सूर लागतो.

असं अवघड वाद्य वाजवणारे, १९३१ साली मेलबर्नला जन्मलेले बॅरी टकवेल १९५५ ते १९६८ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात प्रमुख वादक होते. मग ती मानाची खुर्ची सोडून एकल वादनात उतरले. केवढी हिंमत! संगीतकार थिया मसग्रेव्ह यांनी त्यांच्यासाठी १९७१ मध्ये कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) रचला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी शिकवलंही. २०२० मध्ये ते गेले. त्यांना ऐकायची सुरुवात त्यांनी वाजवलेल्या मोझार्टच्या हॉर्न कॉन्चेर्टोंपासून करा, हेडफोन लावूनच.